पाच माणसांचं गणित

‘एक वाक्य लिहा, ॲप तयार!’ अशा जाहिराती सध्या सारख्या समोर येतात. वाक्य लिहिलं की मिनिटभरात रंगीत, नेटकी स्क्रीन उमटते हे खरंच आहे. पण स्क्रीन दिसली म्हणजे ॲप झालं असं नव्हे. शिवाय इतकं चकचकीत काही दाखवलं की लोक ‘निळा जरा फिका करा’ एवढंच सांगतात. ‘बिल भरायचं कुठून तेच कळेना’ म्हणायला संकोचतात.

म्हणून इंटरफेसचे, म्हणजे वापरणाऱ्यासमोर येणाऱ्या स्क्रीन आणि बटणांचे, डिझायनर मुद्दाम ओबडधोबड सुरुवात करतात. वायरफ्रेम म्हणजे स्क्रीनचा नुसता आराखडा: इथे मेनू, इथे बटण, फोटोच्या जागी फुली मारलेला चौकोन. प्रोटोटाइप ही पुढची पायरी, तो वापरून पाहता येतो. त्यालाही संगणक लागतोच असं नाही. कागदावर स्क्रीन काढायच्या. समोरच्याने कागदावरचं बटण बोटाने दाबलं की दुसऱ्याने पुढचा कागद सरकवायचा. हा दुसरा माणूसच संगणक. त्याने अवाक्षर बोलायचं नाही, आणि हेच सर्वांत अवघड जातं.

आयबीएम या संगणक कंपनीत जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती फार पुढे नेली. बोललेलं ऐकून टाइप करणारं यंत्र निघालं तर त्यावर लोकांना पत्रं लिहिता येतील का, हा त्यांचा प्रश्न. तसं यंत्र तेव्हा नव्हतंच. मग माणूस मायक्रोफोनमध्ये बोलायचा, पलीकडच्या खोलीत टायपिस्ट ऐकून टाइप करायचा आणि अक्षरं बोलणाऱ्याच्या स्क्रीनवर उमटायची. ‘यंत्रा’ला १,००० शब्द येतात की ५,०००, हेही बदलता येई, यादीबाहेरचा शब्द आला की त्याजागी फुल्या. १९८३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शब्दांची यादी मोठी असेल तर एकेक शब्द तोडून बोलावं लागलं तरी असं यंत्र उपयोगी ठरू शकेल. यंत्र बनण्याआधीच त्याची परीक्षा झाली होती.

पण मला खरी भुरळ घालतं ते यामागचं एक गणित. प्रोटोटाइप किती जणांना दाखवायचा? जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ साली त्याचं सूत्र मांडलं. एखादी अडचण एका माणसाच्या वापरात उघड होण्याची शक्यता ३१ टक्के धरा. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांची ती सरासरी होती. म्हणजे ती निसटण्याची शक्यता ०.६९. दोघांच्याही हातून निसटण्याची ०.६९ × ०.६९, म्हणजे ०.४८. पाच जणांसाठी ०.६९ पाच वेळा गुणा: ०.१६. थोडक्यात, पाच जणांत ८४ टक्के अडचणी सापडतात. सहावा माणूस बहुतेक वेळा पहिल्या पाचांच्याच जागी अडखळतो. त्यामुळे पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाचांना दाखवा, दुरुस्त करा, नवे पाच बोलवा.

इथून ‘पाच’ हा आकडा काही कंपन्यांत मुहूर्तासारखा पाळला जाऊ लागला. सूत्रात तसं काही पवित्र नाही, उलट एक खोच आहे. ३१ ही सरासरी. समजा निम्म्या अडचणी ठळक आहेत, प्रत्येकी ६० टक्के शक्यतेच्या, आणि निम्म्या लपलेल्या, २ टक्क्यांच्या. सरासरी ३१च येते. पण पाच जणांनंतर ठळक अडचणी ९९ टक्के सापडतात आणि लपलेल्या जेमतेम १० टक्के. एकूण ५४, ८४ नव्हे! निसटण्याच्या शक्यतांचा घात काढून (म्हणजे प्रत्येक शक्यता पाच वेळा गुणून) मग सरासरी घेणं आणि सरासरीचाच घात काढणं, ही दोन उत्तरं वेगळी असतात. घाताचा आलेख बाकदार असल्यामुळे दुसरं उत्तर नेहमीच जास्त आशादायक निघतं. (हे वाक्य जड गेलं असेल तर कॅल्क्युलेटर घेऊन वरचे आकडे करून पाहा, पटेल.)

आणि शक्यता शून्यच असली तर? वायरफ्रेममध्ये मजकुराच्या जागी बहुधा रोमन लिपीतला निरर्थक मजकूर भरतात. त्या मापाने ओळींची उंची ठरते. पुढे तिथे मराठी आली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात, ‘अर्ज सादर करा’ बटणात मावत नाही. तपासणीला बसलेले सगळे इंग्रजी स्क्रीन वापरणारे असतील तर ही अडचण त्यांच्यासमोर येतच नाही. निसटण्याची शक्यता १, आणि १ चा कितवाही घात १च. पाच काय, पाचशे जण बसवले तरी ती सापडणार नाही. त्यापेक्षा पहिल्याच कागदावर पेन्सिलीने खरा मराठी मजकूर लिहावा.