मोबाइलच्या घशातलं पाणी

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला रब्बीचं पाणी सुटलं की आमच्या पाथरी तालुक्यात निम्मं गाव रात्री शेतात असतं. पाळी रात्री दोनला आली तर दोनलाच जावं लागतं. माझा चुलतभाऊ असाच गव्हाला दारं धरायला गेला होता. दोन्ही हातांत खोरं, म्हणून मोबाइलची बॅटरी लावून मोबाइल दातांत धरलेला. शेजारच्या बांधावरून कुणीतरी हाक मारली, यानं सवयीनं ‘ओ’ दिली आणि फोन पाटात.

सकाळी बघितलं तर स्क्रीन चालू, कॅमेरा चालू, फक्त आवाज गेलेला. गेलेला म्हणजे अगदीच बंद नाही, गोधडीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. काकू म्हणाली, “तांदळात घाल रात्रभर.” काका म्हणाले, “तांदूळ विकतचेत. ज्वारीत घाल की.” यावर वाद चालू असताना दहावीतल्या पुतण्यानं त्याच फोनवर एक आवाज लावला, नुसता ‘घूंऽऽ’. अर्ध्या मिनिटात स्पीकरच्या बारीक छिद्रांतून चार-पाच थेंब उडाले.

“आगं माय,” काकू म्हणाली, “थुकतंय की हे!”

काकूनं भौतिकशास्त्र नेमकं पकडलं होतं. पण थुंकण्याकडं जाण्याआधी आवाज का बसला होता, ते बघू.

मोबाइलचा स्पीकर म्हणजे एक चुंबक, तारेचं बारीक वेटोळं आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबकामुळं ते पुढं-मागं हलतं, पडदा हवा ढकलतो, आपल्याला ऐकू येतं. आता सप्त्यात मृदंग वाजवणारे बुवा आठवा. बसल्याबसल्या ते आधी काय करतात? कणीक मळतात आणि तो ओला गोळा डाव्या पुडीवर थापतात. पुडीचं वजन वाढतं, ती सावकाश हलायला लागते, आवाज खाली उतरून ‘धूम’ असा घुमतो. स्पीकरच्या पडद्यावर पाणी साचलं की तेच होतं, फक्त इथं कणीक कुणी मागितलेली नसते. जड पडद्याला भरभर हलणं जमत नाही, म्हणून उंच आवाज आधी जातात. स, श, च ही अक्षरं त्या उंच आवाजांवरच ओळखू येतात. म्हणून भिजलेल्या फोनवर माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

मग फोन उलटा धरला की पाणी गळून का जात नाही? हे घरातच बघता येतं. चहाची बारीक जाळीची गाळणी पाण्यात बुडवून वर काढा आणि उजेडाकडं धरून बघा. बऱ्याच छिद्रांत पाण्याचा चकचकीत पापुद्रा अडकलेला दिसेल. तो खाली पडत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळं पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा वागतो. याला पृष्ठताण म्हणतात. छिद्र जितकं लहान, तितकी ही पकड घट्ट.

किती घट्ट, त्याचं गणित सोपं आहे. पृष्ठताणाची दुप्पट घ्यायची आणि तिला छिद्राच्या त्रिज्येनं भागायचं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.072 न्यूटन. समजा जाळीचं छिद्र 0.2 मिलिमीटर रुंद, म्हणजे त्रिज्या 0.1 मिलिमीटर. उत्तर येतं सुमारे 1,440 पास्कल. एवढ्या दाबानं जवळजवळ 15 सेंटिमीटर उंचीचं पाणी तोलून धरता येतं! स्पीकरच्या पोकळीत पाणी असतं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. त्याच्या वजनाची ही पकड सोडवण्याची ताकद नाही. फोन रात्रभर खुंटीला उलटा टांगला तरी काही थेंब जागेवरच राहतात, ते यामुळं.

आता त्याच गाळणीवर जोरात फुंकर मारा. (चष्मा काढून ठेवा, मी ठेवला नव्हता.) पापुद्रे फुटून तुषार उडतात. स्पीकर हेच करतो, सेकंदाला दीड-पावणेदोनशे वेळा. पडदा आणि पाण्यानं बंद झालेली जाळी यांच्यामध्ये थोडी हवा कोंडलेली असते. पडद्यानं तिचं आकारमान फक्त 1 टक्क्यानं कमी केलं, तरी दाब हजार ते चौदाशे पास्कलनं वाढतो. वरच्या 1,440 च्या आसपासच आला की हा आकडा! म्हणून मोबाइलएवढ्या चिमुकल्या स्पीकरला हे काम झेपतं.

इथं एक शंका रास्त आहे. पडदा पुढं जातो तसा मागंही येतो, मग बाहेर ढकललेलं पाणी परत आत का ओढलं जात नाही? दिवा फुंकून विझतो, पण त्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा बरं. जमत नाही. फुंकताना हवा झोतासारखी एका दिशेनं सरळ जाते, ओढताना ती चोहोबाजूंनी येते. जाळीतून सुटलेला थेंबही झोतातल्या वेगासकट पुढं निघून जातो, आणि पडदा मागं येतो तेव्हा छिद्रासमोर जे असेल ते आत येतं, बहुतेक नुसती हवा. प्रत्येक फेरीत थोडंथोडं असं करत पाणी बाहेरच सरकतं.

पुतण्यानं लावलेला ‘घूं’ 165 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 165 कंपनांचा होता. स्पीकरमधलं पाणी काढणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये याच आकड्याच्या आसपासचा सूर असतो. पेटीवर ही जवळजवळ खालच्या सप्तकातली पांढरी तीन. आकड्यात जादू काही नाही, खालचा सूर असणं महत्त्वाचं. मोबाइलच्या स्पीकरची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ज्या वेगानं पडदा आपसूक कंप पावतो ती, साधारण 800 ते 1,000 हर्ट्झच्या घरात असते. तिच्या खालच्या सुरांना पडदा भरपूर अंतर पुढं-मागं जातो. तिच्या वर मात्र वारंवारता दुप्पट केली की हालचाल चौथ्या हिश्श्यावर येते. कानठळ्या बसवणारी शिट्टी म्हणून पाण्याला हलवत नाही आणि कानाला धड ऐकूही न येणारा घुमारा हलवतो. मग अजून खाली, 30 हर्ट्झवर का जाऊ नये? इतके खालचे सूर पडदा फाटू नये म्हणून बऱ्याच फोनमध्ये आधीच कापलेले असतात.

ही युक्ती ॲपवाल्यांची नाही. 2016 साली आलेल्या ‘ॲपल वॉच सिरीज 2’ या घड्याळात ती मुद्दाम बसवली होती: पोहून आल्यावर बाजूची कळ फिरवायची, घड्याळ सूर काढतं आणि स्पीकरमधलं पाणी बाहेर टाकतं. आपल्याकडं गावोगाव दिसणाऱ्या रेडमीच्या कित्येक फोनमध्येही सेटिंगमध्ये ‘क्लिअर स्पीकर’ म्हणून अर्ध्या मिनिटाचा असाच आवाज असतो. तो असेल तर अनोळखी ॲप उतरवून त्याला सतरा परवानग्या देत बसू नका.

पण पुतण्यानं जे केलं ते भावाच्या फोनला चाललं, कारण तो फोन आयपी68 दर्जाचा, पाणी आत न शिरण्याची सोय असलेला होता. तशी सोय नसेल तर पहिलं काम फोन बंद करणं, आणि तो बंदच ठेवणं. बोअरच्या पाण्यात क्षार, क्षारांमुळं त्यातून वीज वाहते, आणि वीज चालू असताना ओल्या तांब्याला गंज चढायला वेळ लागत नाही. आवाजानं स्पीकरच्या पोकळीतलं पाणी निघतं, बोर्डावरचं नाही, चार्जिंगच्या खाचेतलंही नाही. ती खाच खाली करून फोन तळहातावर हलके आपटायचा, वाऱ्यावर ठेवायचा, आणि वाळल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

आणि तांदूळ? ॲपलनं 2024 मध्ये आपल्या मदतपानावर स्पष्टच लिहिलं की फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. ज्वारीचा उल्लेख नाही, पण काकांनी त्यातून सवलत काढू नये.

भावाच्या फोनचा आवाज त्या सकाळी बारा आणे परत आला. चार आणे अडकले, कारण पाटातलं पाणी नुसतं पाणी नव्हतं. आमची काळी माती. तिचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक, ओले झाले की फुगतात, वाळले की सिमेंटासारखे धरून बसतात. आयपी68 ची चाचणी स्वच्छ पाण्यात होते, गव्हाच्या पाटात नाही. पाणी उडालं, चिखल जाळीतच वाळला, आणि त्याच्यापुढं पांढरी तीन कितीही वेळ वाजवली तरी उपयोग नव्हता. शेवटी पाथरीच्या बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं भिंग डोळ्याला लावून मऊ ब्रशनं एकेक छिद्र मोकळं केलं, ऐंशी रुपये घेतले.

पुढच्या पाळीच्या आधी भावानं डोक्याला बांधायची बॅटरी आणली. आता बांधावरून कुणी हाक मारली की तो मोकळ्या तोंडानं ओ देतो.