दिव्यांग प्रमाणपत्राची पडताळणी: काय दाखवायचं आणि कुठे थांबायचं

पडताळणीचं पत्र आलं की घरात पहिला प्रश्न उठतो, "आपल्याविरुद्ध कुणी तक्रार केली की काय?" बहुतेक वेळा तसं नसतं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दिव्यांग कल्याण विभागाने शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं सरसकट तपासायला घेतली. काहींवर कारवाई झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. अडचण अशी की त्यानंतर खऱ्या दिव्यांगाकडेही लोक चोर-नजरेने बघायला लागले, आणि ऑफिसातल्या शिपायापासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळेच तपासनीस झाले.

पात्रतेचं आधी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, अंशतः दृष्टी हेही येतात, म्हणजे रस्त्यात बघून काहीही कळणार नाही असे. अंशतः दृष्टी असलेला माणूस पांढरी काठी घेऊन चालतो आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून मेसेजही वाचतो. यात कसलंही सोंग नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांसाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि आजाराचे जुने रिपोर्ट स्कॅन करून ठेवा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा ठरवून दिलेल्या रुग्णालयात होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पर्यंत पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये मंजूर आहेत. अट म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत आणि राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, रेशनकार्ड आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि मग सगळे म्हणतात, "पडताळणीत नाव उडालं."

आता मुख्य मुद्दा. तपासण्याचा हक्क सरकारला आहे, याबद्दल वाद नको. खोटेपणाने लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दिव्यांगत्व किती हे ठरवण्याची कायद्यातली जागा वैद्यकीय प्राधिकाऱ्याची आहे. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे तलाठी, घरी येऊन तुम्ही तिथे राहता का, घरात कोण कमावतं, हे विचारू शकतो. "चालून दाखव बरं" म्हणायचं त्याचं काम नाही. संशय असेल तर त्याने तसा अहवाल द्यावा, पुढची तपासणी वैद्यकीय मंडळ करेल.

म्हणून फेरतपासणीचा निरोप तोंडी आला तर लेखी आदेश मागा. कोणत्या तारखेला, कुठल्या रुग्णालयात, कुणाच्या आदेशाने, हे कागदावर हवं. जाताना मूळ प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, ओळखपत्र, फोटो आणि रिपोर्टची फाईल तारखेनुसार लावून न्या. मूळ कागद कुणाकडेही ठेवून येऊ नका. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, आवक शिक्का मारून पोच घ्यायची. झेरॉक्सवर तिरक्या रेघा मारून "फक्त दिव्यांग पडताळणीसाठी" आणि तारीख लिहा. आधारची झेरॉक्स शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे मास्क्ड, द्या. चालत नाही म्हणाले तर का चालत नाही ते लिहून मागा. बहुतेकदा चालतं.

जुने रिपोर्ट हरवले असतील तर ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथे लेखी अर्ज करा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. तीच संहिता रुग्णाची गुपितं फोडू नयेत असंही सांगते. मानसिक आजारासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचं वेगळं कलम आहे, २३ वं. तुमच्या साहेबाने थेट डॉक्टरला फोन लावून "याला नक्की काय झालंय" विचारलं, तर डॉक्टरने सांगू नये. साहेबाला टक्केवारी, प्रकार आणि प्रमाणपत्र खरं आहे का, एवढं कळणं पुरेसं आहे. गोळ्यांची यादी त्याला कशाला हवी?

टक्केवारी कमी आली किंवा प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं लेखी घ्या. निर्णयापासून ९० दिवसांत राज्याने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. ते कुठे बसतं हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. अल्पवयीन मुलासाठी किंवा स्वतः अपील करू न शकणाऱ्यासाठी पालक अपील करू शकतात. हे ९० दिवस लोक हमखास घालवतात, कारण साहेबांना भेटून बघू, आमदारांना भेटून बघू, यात दोन महिने सहज जातात.

लाभार्थ्यांच्या याद्या हा आणखी एक घोळ. ग्रामपंचायतीने पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च केला की कुणाला किती दिलं हे जाहीर व्हायलाच हवं. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करायला सांगितलंय. पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते ती कधीकधी अख्खी फाईल असते: पासबुकाचं पहिलं पान, आधारची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, प्रमाणपत्रावरचं निदान. नाव आणि रक्कम ठीक. आधार क्रमांक जाहीरपणे टाकायला मात्र आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. ग्रामसेवकाला लेखी कळवून फाईल काढायला लावा, आणि तत्पूर्वी स्क्रीनशॉट घ्या.

खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग करारात कलम २२ याच विषयावर आहे. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदाही आहे, पण त्यावर आत्ताच फार विसंबू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, आणि शासकीय लाभ देण्यासाठी सरकारला संमतीशिवायही माहिती वापरता येते.

कुणी लपून व्हिडिओ काढून "बघा हा खोटा लंगडा" म्हणून पसरवला, तर तिथे सरळ फौजदारी कायदा आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं किंवा हिणवण्याच्या हेतूने धमकावणं, यासाठी दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड आहे. पोलीस ठाण्यात हे कलम बऱ्याचदा ठाऊक नसतं, म्हणून कायद्याची प्रत सोबत न्या. तो व्हिडिओ रागाच्या भरात डिलीट करू नका. लिंक, तारीख, पाठवणाऱ्याचा नंबर, सगळं जपून ठेवा.

शासकीय नोकरीत असाल तर कार्यालयात दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालयही. आयुक्तांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अर्जात चार गोष्टींपलीकडे फार लिहू नका: कोणी, कोणत्या तारखेला, काय मागितलं किंवा उघड केलं, आणि तुम्हाला काय हवंय. यूडीआयडी क्रमांक टाका, निदान लिहू नका. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.