पाणघोड्याचं दूध गुलाबी? छे!

कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल पुन्हा तेच आलं: 'पाणघोड्याचं दूध गुलाबी असतं!' सोबत बाटलीचा फोटो. मला तर ते गुलाबाचं सरबत घातलेलं म्हशीचं दूध वाटलं. दांडिया बाजारातले एक काका मात्र ठाम: "अहो, सायन्स आहे!"

सायन्स आहे, पण दुधाचं नाही, कातडीचं. दूध पांढरंच. कातडीतल्या ग्रंथींतून एक चिकट द्राव पाझरतो. आधी तो बिनरंगी असतो, काही मिनिटांत लाल होतो, मग तपकिरी. त्यालाच 'रक्ताचा घाम' म्हणायची पद्धत पडली. त्यात रक्त नसतं, आणि खऱ्या अर्थाने तो घामही नव्हे. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये त्यातली लाल आणि नारिंगी अशी दोन रंगद्रव्यं ओळखली. दोन्ही अतिनील किरण शोषतात. लाल तर जिवाणूंची वाढही रोखतं. म्हणजे सनस्क्रीन आणि मलम एकाच डबीत!

आणि पिल्लू बरेचदा पाण्याखालीच दूध पितं, कान-नाकपुड्या घट्ट मिटून. तिथे बाटली घेऊन कोण उतरलं होतं, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.