देठासकट फूल: आपल्या घरातल्या फुलदाणीची पार्श्वभूमी

पहाटे फुलबाजारात गेलं की एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. झेंडू, शेवंती, मोगरा ही फुलं वजनावर किंवा वाट्यावर मिळतात, बहुतेक बिनदेठाची. जरबेरा, ग्लॅडिओलस आणि पॉलीहाउसातला गुलाब मात्र लांब दांडीसकट जुडीत येतो. आपल्याकडच्या फुलदाणीची गोष्ट या देठाशी बांधलेली आहे, असं मला वाटतं.

मराठी घरात फुलाच्या जागा ठरलेल्या होत्या: देवाच्या पायाशी, दारावरच्या तोरणात, बाईच्या वेणीत. यांतल्या एकाही ठिकाणी लांब देठ लागत नाही. पाण्यात उभी राहायची ती पानं. कलशात आंब्याची किंवा विड्याची पानं, वर नारळ, आणि फूल वाहायचं ते वरून. पाण्याने भरलेला घट ही तर या मातीतली फार जुनी कल्पना. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंच्या रांगांतले खांब दगडी घटांवर उभे आहेत, त्याला सुमारे २ हजार वर्षं झाली. सांची आणि भरहुतच्या शिल्पांत घटाच्या तोंडातून कमळं वर आलेली दिसतात. पण तो मंगलघट. दिवाणखाना सजवायला ठेवलेलं भांडं नव्हे.

सजावटीचं भांडं कुठून आलं, ते शब्दच सांगतो. ‘फुलदाणी’तली ‘दाणी’ फारसी ‘दान’वरून आली. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी ही तिची भावंडं, सगळी बैठकीतली. इराणी आणि मुघल घरांत सुरया, बरण्या, गुलदानं ठेवायला भिंतीतच कोनाडे करत. अशा दालनाला चिनीखाना म्हणत, कारण त्यात चिनी मातीची भांडी मांडलेली असायची. आग्र्याला इतिमाद-उद-दौलाच्या कबरीत भिंतींवरच सुरया आणि फुलांनी भरलेली पात्रं जडवली-रंगवलेली आहेत. दख्खनेत बिदरी कारागिरांनी जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून सुरया घडवल्या. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावली की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच लखलखते. बिदरी सुरईचं सौंदर्य त्या काळ्या-पांढऱ्यातच आहे. तीत फूल खोचलं नाही तरी काही उणं वाटत नाही.

मुंबईचा भाग मला सगळ्यांत जवळचा. जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारात श्रीमंत झाले. त्याच व्यापारातून चिनी फुलदाण्या पारशी घरांत आल्या. जमशेटजींनी दिलेल्या १ लाख रुपयांतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पुढे तिथल्या जॉर्ज टेरी यांनी सिंधमधून कुंभार आणले आणि झिलईच्या भांड्यांचं काम उभं केलं. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ हे नाव त्याच कामाचं. १८७२ पासून याच शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या चित्रांतली माणसं आणि वेलबुट्टी या मातीच्या पोटावर उतरली. सिंधचा हात, अजिंठ्याची रेघ आणि इंग्रजी घराला शोभेल असा घाट, असं हे भांडं. लंडनमध्ये १८८५ साली लागलेल्या आगीत ग्रिफिथ्स यांच्या चमूने केलेल्या बऱ्याच नकला जळाल्या. त्यामुळे या मातीकामाचं मोल मला आणखी जास्त वाटतं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ते पाहायला मिळतं. मुंबईत राहून ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी एक सकाळ काढावीच. काचेपाशी वाकून बघा: झिलई गळ्यावर पातळ असते, खाली ओघळून खोलगट भागात साचते आणि तिथे रंग गडद होतो.

इंग्रजांच्या बंगल्यात शेकोटीवरच्या फळीवर दोन टोकांना जोडीने फुलदाण्या ठेवायची रीत होती. आपल्या वाड्यात शेकोटी नव्हती, टेबलही नव्हतं. बैठक जमिनीवर, सतरंजी आणि लोड. तिथे उंच भांडं मांडलं तर येताजाता कुणाचा तरी पाय लागायचा. भिंतीतल्या कोनाड्यात पणती किंवा गणपती असायचा. टेबल, मग शोकेस घरात आली तेव्हा फुलदाणीला जागा मिळाली. शोकेसमध्ये काचेआड गेल्यावर पाणी बदलायचा कंटाळा आला आणि प्लास्टिकची फुलं तिच्यात बसली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

खरं फूल परत आलं ते देठामुळे. गुलछडीच्या नावातच छडी आहे. मूळची मेक्सिकोची, पण आपल्याकडे इतकी रुळली की सुटी फुलं हाराला आणि दांड्या फुलदाणीला, अशी दोन्हीकडे चालते. मावळात पॉलीहाउसं उभी राहिली आणि लांब दांडीचा गुलाब शहरातल्या साध्या घरालाही परवडू लागला.

घाट निवडताना म्हणूनच मी आधी देठ बघते. गुलछडीच्या चार दांड्यांना अरुंद गळा हवा, नाहीतर त्या चारी दिशांना कलंडतात. जरबेऱ्याची दांडी मऊ असते, पाणी जास्त झालं की कुजते, म्हणून त्याला उंच भांडं पण तळाशी चार बोटंच पाणी. आखूड देठाच्या शेवंतीला रुंद तोंडाचं बुटकं भांडं बरं. अजिंठ्याच्या धर्तीची भरगच्च नक्षी असेल तर एकाच रंगाची फुलं, किंवा काहीच नको. आणि जागा? चारही बाजूंनी नक्षी असलेलं भांडं भिंतीला चिकटवू नये, ते टेबलावर मोकळं ठेवावं. एकाच बाजूने बघायचं भांडं कोनाड्यात खुलतं, मागे चुन्याची पांढरी भिंत असली की अधिकच.

माझ्या आजोळच्या पडवीत असा एक कोनाडा अजून आहे. मामी त्यात तांब्याच्या गडूत गुलछडी ठेवते. दर सकाळी दांडीचं टोक बोटभर तिरकं कापते आणि तळाकडची उमलून गेलेली फुलं खुडून परडीत टाकते, देवासाठी.