तीनशे जणांच्या राज्याची गोष्ट

सप्टेंबर १९५८ मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांनी इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांची मुलाखत घेतली. करंजिया डावीकडे झुकलेले, नासर वसाहतवादविरोधी जगाचे नायक. बोलण्याच्या ओघात नासर यांनी ‘झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल’ हे पुस्तक, म्हणजे जगावर राज्य करण्याच्या ज्यू पुढाऱ्यांच्या कटाचं तथाकथित इतिवृत्त, वाचण्याची शिफारस केली. एकमेकांना ओळखणारे तीनशे झायोनिस्ट (ज्यू राष्ट्राचे पुरस्कर्ते) युरोप खंडाचं भवितव्य ठरवतात, हे त्यातून सिद्ध होतं, असा त्यांचा दावा होता. कैरोत बसलेल्या नेत्याला अरब जगाऐवजी नेमका युरोप का आठवावा?

कारण ते वाक्य मुळात युरोपबद्दलच लिहिलेलं होतं, आणि या पुस्तकात ते नव्हतंच. १९०९ च्या नाताळात व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात जर्मन उद्योगपती वाल्टर राथेनाऊ यांनी तक्रार केली होती की, एकमेकांना ओळखणारी तीनशे माणसं खंडाचा आर्थिक कारभार हाकतात आणि आपले वारसही स्वतःच्याच गोतावळ्यातून निवडतात. त्यांचा रोख होता मूठभरांच्या मक्तेदारीवर. पण राथेनाऊ स्वतः ज्यू होते, तेवढं पुरलं. तक्रारीचा कबुलीजबाब झाला. १९२२ मध्ये ते जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झाले आणि त्याच वर्षी २४ जूनला बर्लिनमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. राथेनाऊ त्या तीनशे वडीलधाऱ्यांपैकी एक आहेत, असं मारेकऱ्यांच्या मोटारीच्या चालकाने न्यायालयात सांगितलं.

खुद्द ‘प्रोटोकॉल’ची कुळकथाही अशीच. १८६४ मध्ये मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने तिसऱ्या नेपोलियनची हुकूमशाही उघडी पाडण्यासाठी मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा नरकातला संवाद लिहिला. ज्यूंचा त्या पुस्तकाशी काही संबंध नव्हता. पुढे कुणीतरी मॅकियाव्हेलीची वाक्यं उचलून काल्पनिक ज्यू पुढाऱ्यांच्या तोंडी घातली. १९०३ मध्ये पावेल क्रुशेवान यांनी ती रशियात छापली. याच गृहस्थांच्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी किशिनेव्हमध्ये ज्यूंविरुद्ध आग ओकली होती, आणि तिथल्या दंगलीत ४९ जण मारले गेले होते. झारनिष्ठांना त्यातून एवढंच दाखवायचं होतं की, क्रांती ही रशियन माणसाची गरज नसून बाहेरचा कट आहे.

१९१७ नंतर पळालेल्या झारनिष्ठांबरोबर हा मजकूर बर्लिनला, पॅरिसला, अमेरिकेला पोचला. मे १९२० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नेही तो खरा असेल का, असं गंभीरपणे विचारलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्याच पत्राचे इस्तंबूलचे बातमीदार फिलिप ग्रेव्हज यांनी जोलीचे उतारे शेजारी ठेवून चोरी पकडली. खरं तर इथे विषय संपायला हवा होता. हेन्री फोर्ड यांचं साप्ताहिक मात्र अमेरिकेत तेच विष वाटत राहिलं. त्यांची माफी आली १९२७ मध्ये. हिटलरने तर उलटाच न्याय लावला: वर्तमानपत्रं हे बनावट असल्याचा आक्रोश करतात, म्हणजेच ते अस्सल. अशा युक्तिवादापुढे पुरावा काय करणार?

हे सगळं उजव्यांच्या खात्यावर टाकून डाव्यांना मोकळं होता येत नाही. १८४५ मध्येच फ्रेंच समाजवादी विचारवंत फूरियेचा अनुयायी आल्फाँस तूसनेल याने ज्यूंना ‘युगाचे राजे’ ठरवून भांडवलशाहीवरचा राग त्यांच्याकडे वळवला होता. नोव्हेंबर १९५२ मध्ये कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागच्या खटल्यात, रुडॉल्फ स्लान्स्कीसह १४ कम्युनिस्ट नेते उभे केले गेले; त्यांतले ११ ज्यू. आरोप झायोनिस्ट-साम्राज्यवादी कटाचा. ११ जणांना फाशी. जानेवारी १९५३ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या मुखपत्राने बहुतांश ज्यू असलेल्या डॉक्टरांवर सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा आळ घेतला. मार्चमध्ये स्टालिन गेला आणि एप्रिलमध्ये सरकारनेच तो आळ मागे घेतला. झारनिष्ठांसाठी ज्यू क्रांतीचे सूत्रधार, स्टालिनच्या राज्यात तेच क्रांतीचे शत्रू! आरोप परस्परविरोधी असले तरी अडत नाही, कारण आपल्या अपयशाला जबाबदार धरायला एक अदृश्य हात प्रत्येकालाच हवा असतो.

नासर यांच्या मुलाखतीकडे मी याच नजरेने पाहतो. इस्रायलच्या धोरणांवर टीका करायला त्यांच्याकडे खरी, ठोस कारणं होती. त्यांनी हाती घेतली ती झारच्या काळातली बनावट चोपडी. आणि ऐकणारा संपादक अशा शहरातला, जिथे कोकणातून आलेले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत नांदत होते. ‘हमास’ या पॅलेस्टिनी संघटनेच्या १९८८ च्या सनदेतल्या बत्तिसाव्या कलमातही ‘प्रोटोकॉल’चा हवाला आहे, २०१७ च्या दस्तऐवजात तो नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ११ जणांना मारणाऱ्या बंदूकधाऱ्याचा राग होता निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर: तिनेच म्हणे देशात ‘आक्रमक’ आणले.