मुलांच्या आतड्यांचा डॉक्टर व्हायचंय? तीन परीक्षा, साडेअकरा वर्षं आणि एक जाड फाइल

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांना कायमची सूज आणणारे आजार मोठ्यांनाच होतात, असा समज आहे. ते लहान मुलांनाही होतात, अगदी सहा वर्षांच्या आतही. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे पीडिअ‍ॅट्रिक गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्ट. माझी भाची या वाटेवर निम्म्याहून पुढे आली आहे आणि तिचे फॉर्म भरायचं खातं घरात माझ्याकडे आहे. इंदूरच्या मराठी घरांतून हल्ली फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवते.

हिशोब असा: एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी पीडिअ‍ॅट्रिक्स तीन, मग डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटीची पदवी, तीन. एकही वर्ष वाया गेलं नाही तर साडेअकरा.

पहिली पायरी: नीट-यूजी

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या वर्गाला पीसीबीत 50 टक्के, राखीव वर्गाला 40. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण हवीत; वरची वयोमर्यादा नाही. पेपर 720 गुणांचा. मराठीतून पेपर मिळतो हे खरं, पण फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. पुण्याची मावशी काहीही सांगो, इंदूरचं केंद्र घेतलं तर हिंदी, इंग्रजी किंवा उर्दू यांतूनच निवडावं लागतं.

सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याकडे. इंदूरच्या सरकारी एमजीएमसारखं गावातलं कॉलेज राज्य कोट्यातून हवं असेल तर मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे मध्य प्रदेशचा रहिवासी दाखला, लागतं. लोकसेवा केंद्रात अर्ज करायचा, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) बरोबर ठेवायचा. निकालानंतर धावाधाव करू नका, बारावीच्या दिवाळीतच काढून ठेवा. महाराष्ट्रातून मिळालेला जातीचा दाखला मध्य प्रदेशच्या राज्य कोट्याला चालत नाही. ओबीसी नॉन-क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षाचेच लागतात.

आता आपल्या लोकांची खास डोकेदुखी: नाव. दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, मूल निवासीवर आडनावाच्या ‘ड’खाली हिंदी पद्धतीचा नुक्ता. इंग्रजीत तर आडनाव एका कागदावर पी-एचने सुरू, दुसऱ्यावर एफने. एका खिडकीवर आम्हाला यासाठी तीनदा परत पाठवलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं सांगितलं. दहावीची मार्कशीट प्रमाण माना आणि बाकीचे सगळे कागद तिच्याबरहुकूम करून घ्या. नोटरीचं प्रतिज्ञापत्र जवळ असू द्या, पण त्याच्याच भरवशावर राहू नका.

दुसरी पायरी: नीट-पीजी आणि बालरोग

200 प्रश्न, 800 गुण. ही परीक्षा घेणारं राष्ट्रीय मंडळ, एनबीईएमएस, दरवर्षी इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख जाहीर करतं. इंटर्नशिपमध्ये रजा वाढल्या की ही तारीख हुकते आणि वर्ष हातचं जातं. एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, पदवी किंवा प्रोव्हिजनल, इंटर्नशिप प्रमाणपत्र आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी एवढं लागतं.

एक बदल बऱ्याच पालकांना ठाऊक नाही. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने पीजी वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे ‘आपण एमपीचे’ एवढ्यावर पीजीची जागा मागता येत नाही. आपल्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा कोर्टाने कायम ठेवली आहे. एमबीबीएस कुठून केलं याचं वजन वाढलं ते यामुळे.

एमडीच्या तीन वर्षांत प्रबंध असतो आणि तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं काम. भाचीचं मन या विषयाकडे वळलं तेही याच काळात. ओपीडीत अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता. पोटात कळा, अधूनमधून जुलाब, दोन वर्षं वेगवेगळी औषधं. आई सहज बोलून गेली, “दोन वर्षांत याच्या पायजम्याची दुमड उसवावी लागली नाही.” भाचीने त्याची उंची ग्रोथ चार्टवर मांडली, तर नऊ वर्षांपर्यंत नीट चढणारी रेघ तिथून जवळजवळ आडवी झाली होती. मुलांच्या क्रोन्समध्ये खुंटलेली वाढ हीच कधीकधी पहिली खूण असते. आपल्याकडे आणखी एक पेच आहे: आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला सारखे. एन्डोस्कोपी, बायोप्सी करूनही डॉक्टर अडखळतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. मुलांच्या क्रोन्सवर सहा ते आठ आठवडे फक्त द्रव पोषण-आहार हा स्टेरॉइडऐवजी पहिला उपचार असू शकतो. सराफ्याच्या खाऊगल्लीच्या गावात पोराला दोन महिने पोह्या-जिलेबीपासून लांब ठेवायचं, म्हणजे डॉक्टरला घरच्या सगळ्यांना समजावत बसावं लागतं. पेशंट वर्षानुवर्षं येत राहतो, मग मोठ्यांच्या डॉक्टरकडे सोपवायचा. झटपट निकाल आवडणाऱ्याने हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

तिसरी पायरी: डीएम किंवा डीआरएनबी

डीआरएनबी ही डीएमच्या बरोबरीची, एनबीईएमएसची पदवी. इथे दोन दारं आहेत. आयएनआय-एसएस ही राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षा एम्स घेतं, वर्षातून दोनदा. त्यातून एम्स, चंडीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर अशा संस्था. बाकी सगळं नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या नीटमधून, 150 प्रश्न आणि 600 गुण, जागावाटपाचं समुपदेशन एमसीसी या केंद्राच्या समितीकडे. लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये या विषयाचा स्वतंत्र, नावाजलेला विभाग आहे आणि तिथला रस्ता नीट-एसएसचा. पात्रता एकच, एमडी किंवा (तिच्या बरोबरीची) डीएनबी पीडिअ‍ॅट्रिक्स. या पातळीवर जातीनिहाय आरक्षण नाही.

जागा घेण्यापूर्वी दहादा विचार करा. एकदा एखाद्या सुपरस्पेशालिटीला रुजू झालात की तो कोर्स सोडला तरी त्याचा पूर्ण कालावधी संपेपर्यंत नीट-एसएसला पुन्हा बसता येत नाही. ‘सध्या निओनेटॉलॉजी (नवजात बाळांचा विषय) घेऊ, पुढच्या वर्षी बदलू’ हे इथे चालत नाही.

आणि बंधपत्र. सरकारी कॉलेजातून शिकलात तर सेवेचा बाँड असतो आणि अनेकदा मूळ कागद कॉलेजातच अडकलेले असतात. डीएमच्या प्रवेशाला तेच मूळ कागद मागतात. बाँड बेकायदा आहेत म्हणून कोर्टात जाण्याचा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांचे बाँड वैध ठरवले आहेत. एमडीचं शेवटचं वर्ष लागलं की कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: बाँडची मुदत किती, डीएमसाठी ती पुढे ढकलता येते का, ना-हरकत कोण देणार. उत्तर लेखीच घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. तोंडी ‘हो जाएगा, मॅडम’ला काडीची किंमत नाही.

डीएमचा निकाल लागल्यावर एक काम हमखास राहतं. ही वाढीव पदवी मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे आधीच्या नोंदणीत जोडून घ्यावी लागते. डीएमची पदवी, एमडीची नोंदणी, फोटो आणि फी. दवाखान्याच्या पाटीवर ‘डीएम’ ही अक्षरं रंगवायची ती त्यानंतरच.