अमेरिकी हवाई दलाची दुरुस्ती ‘पूर्ण खासगी’ झालीय का?

‘अमेरिकेने लष्करी विमानांची सगळी दुरुस्ती कंत्राटदारांना देऊन टाकली’, हे वर्षानुवर्षं फिरतंय. साफ चूक. मोठ्या, म्हणजे डेपो पातळीच्या दुरुस्तीवरचा ५० टक्क्यांहून जास्त वार्षिक खर्च कंत्राटदारांवर करायचा नाही, असा तिथे कायदाच आहे. आधी ही मर्यादा ४० टक्के होती, १९९७ मध्ये वाढवली. ओक्लाहोमातल्या टिंकर या हवाई दलाच्या तळावर जुनी केसी-१३५ टँकर (हवेतच दुसऱ्या विमानांत इंधन भरणारी) विमानं अक्षरशः उघडून, गंजलेले भाग बदलून पुन्हा उभी करतात. तिथले बहुतेक कामगार गणवेशात नसतात, म्हणून कंपनीची माणसं वाटतात. पण ते सरकारी नोकर. (गोंधळाचं मूळ बहुधा इथेच.) खरी मेख वेगळी आहे. एफ-३५ या लढाऊ विमानाची बरीच तांत्रिक माहिती उत्पादकाकडे असल्याने, पाना सरकारी हातात असूनही काही दुरुस्त्यांसाठी कंपनीच्याच तोंडाकडे बघावं लागतं.